कानझोप

आत्याचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आणि त्याच्याबरोबर सगळं घर अडकलं.

वर आई, खाली आत्या आणि मधे कपाटाला खांदा देऊन डॉक्टर. डॉक्टर म्हणजे घरातला धाकटा, दातांचा. लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्याची कंबर आधीच कामातून गेली होती.

"आत्या, आहे तरी काय ह्यात?"

"बटणं. दुकान विकलं, बटणं नाही विकली. डावीकडे तिरकं कर."

"तिरकंच आहे."

"तुझं तिरकं आणि माझं तिरकं वेगळं आहे. थांब, मी वर येते."

"वन्सं, तिथेच थांबा!" आई वरून ओरडली. "गुडघा सांभाळा. कपाट काय, जिन्यातही राहील."

"राहू दे की. जाता-येता बटण टाचता येईल."

दिवाणखान्यातून आण्णांचा आवाज आला, "जिन्याची रुंदी मी आधीच सांगितली होती. मापं घेतल्याशिवाय सामान हलवायचं नसतं."

आण्णांची अख्खी नोकरी बंदर-मोजणी कार्यालयात गेली. घरात पडदा शिवायचा असो की टेबल घ्यायचं, शेवटचा शब्द त्यांचा. बहिणीने दुकानावरची ती अंधारी खोली सोडून आपल्याकडे राहायला यावं म्हणून ते कैक वर्षं मागे लागले होते. गुडघ्याने आत्याला अखेर हरवलं, तेव्हा आण्णांनी वरच्या खोलीच्या खिडक्या स्वतः रंगवल्या. ह्या वयात, स्टुलावर चढून. आई बोल बोल बोलली तरी ऐकलं नाही.

दार उघडं होतं. ताई आत आली, पर्स खुर्चीवर टाकून तिने कपाटाला खालून एकच रेटा दिला. कपाट सुटलं.

"अध्यक्षीणबाई आल्या!" डॉक्टर म्हणाला. "सरकार हलत नाही, पण कपाट हलवलंस."

एरवी ताईने ह्यावर सव्वाशेर काहीतरी ऐकवलं असतं. आज ती नुसती हसल्यासारखं करून वर गेली. डॉक्टरच्या लक्षात आलं की जाताना तिने दिवाणखान्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताई बाहेरून आली की आधी आण्णांच्या खांद्यावर हात ठेवते, मग चपला काढते. आज चपला पायातच होत्या.

समितीचं काहीतरी असणार, त्याने ठरवलं. विधिमंडळाच्या ज्या समितीने गुप्तचर खात्यावर नजर ठेवायची, तिची ताई अध्यक्ष होती. जुन्या मोहिमांची चौकशी सुरू झाल्यापासून ती फोनही तुटक घ्यायची.

*

वरच्या खोलीत रंगाचा वास अजून होता. ताई पलंगावर बसली. समोर खोक्यात आतोबांचा रेडिओ होता, टॉवेलात गुंडाळलेला. आत्याने तो कुणाला उचलू दिला नव्हता, स्वतःच्या मांडीवर घेऊन आली होती.

आतोबा रेडिओ दुरुस्त करायचे. लग्नानंतर काही वर्षांनी जहाजावर नोकरी लागली म्हणून गेले आणि वादळात वाहून गेल्याची खबर आली. त्याच महिन्यात गोदी कामगारांचा संप फुटला. पुढारी एका पहाटे घराघरांतून उचलले गेले, कारण कोण कुठे लपलंय हे कुणीतरी सांगितलं होतं. संघटनेच्या ऑफिसात टायपिस्ट एकच होती, आत्या. तिने फोडलं, असं सगळ्यांनी धरलं. उघड कुणी म्हणालं नाही. नुसतं बोलणं बंद झालं.

परवाची बैठक बिनखिडकीच्या खोलीत झाली होती. फोन बाहेरच्या लाकडी पेटीत, पेन्सिली त्यांच्या, कागद त्यांचे, निघताना सगळं टेबलावर ठेवून जायचं. खात्याचे संचालक ग्रंथपालासारख्या आवाजात एकेक जुनी मोहीम वाचत होते.

"पुढची. गोदी कामगार संघटनेत माणूस बसवण्याची. नाव, कानझोप."

उपाध्यक्ष हसले. ते निवृत्त पोलीस अधिकारी होते आणि चौकशीवर त्यांचा मुळापासून राग होता. "कुंभकर्णाची झोप ऐकलीय, कुत्र्याची ऐकलीय. कानाची कुठून काढलीत?"

"आम्हीही शब्दकोश पाहिला, साहेब. सापडला नाही. त्या काळी प्रस्ताव मांडणारा अधिकारीच मोहिमेला नाव द्यायचा. पुढे ती पद्धत बंद केली."

"का?"

"नावावरून माणूस ओळखू येतो."

"आणि प्रस्ताव कुणाचा होता?" हे ताईने विचारलं.

"ते पान आता फायलीत नाही, मॅडम." संचालकांनी चष्मा वर सरकवला. "माणूस सहा वर्षं मुक्कामी होता. मुक्कामाला अखेरपर्यंत कल्पना नव्हती."

"मुक्कामाला कल्पना नव्हती म्हणजे? मुक्काम म्हणजे गाव ना?"

"नाही, मॅडम. बाई. संघटनेची टायपिस्ट. लग्न झालं होतं."

"माणूस?"

"हयात आहे."

ताई म्हणाली, "पुढे." अध्यक्षाच्या आवाजात म्हणाली. तो आवाज तिच्या घशातून कसा निघाला, हे तिला अजून कळलं नव्हतं.

कानझोप हा तिच्या घरातला शब्द. डोळे मिटायचे, श्वास संथ ठेवायचा आणि मोठ्यांचं बोलणं ऐकायचं. झोप अंगाला, कानाला नाही. तिला आधी वाटलं, आतोबांनी हा शब्द सासरवाडीतून उचलला असेल. ते वाटणं गाडीत बसेपर्यंतही टिकलं नाही. नाव प्रस्तावात होतं आणि प्रस्ताव माणूस ह्या शहरात यायच्या आधीचा. तेव्हा आजी-आजोबा गेलेले होते, आईचं लग्न व्हायचं होतं. तो शब्द जगात दोनच माणसांच्या तोंडी होता. एक आत्या. आणि दुसरे खाली खुर्चीत बसून जिन्याची मापं सांगत होते.

नियम साधा होता. आपल्या घरचं प्रकरण निघालं तर अध्यक्षाने ते सांगून उठायचं. ती उठली की खुर्चीत उपाध्यक्ष बसणार, आणि ते तर जाता जाता म्हणालेच होते, "जुनी मढी उकरून काय मिळतं, बाई? पुरून टाकू." नाही उठली, तर ती खोटं अंगाखाली घेऊन बसणार. आणि त्या खोलीतलं एक अक्षर घरी बोलली, तर शपथ मोडली. तुरुंग, आणि चौकशीचाच निकाल.

खालून आईने जेवायला हाक मारली. ताईने रेडिओ टॉवेलात पुन्हा नीट गुंडाळला.

*

आण्णांना जेवणाच्या टेबलावर सगळी माणसं एकत्र दिसली की बरं वाटायचं. आज तर बहीणही होती. ती आता कायमची इथे. एक हिशेब मिटल्यासारखं त्यांना वाटत होतं, पुरता नाही, पण झोप लागण्याइतका.

आत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले आपले कप सोडवत होती. "वहिनी, तुमच्या कपांना कान आहेत, माझ्यांना नाहीत. चालेल ना?"

"इथे कानाचं काही अडत नाही, वन्सं. बोललेलं ऐकतंय कोण?"

आत्याने कागद उलगडून ताईसमोर धरला. "ही बघ, तू माझ्या कपाला गुंडाळून आलीस. फोटो बरा आलाय. 'संघटनांमधील घुसखोरांची चौकशी.' " तिने कागद हाताने सपाट केला. "सांग ना गं. गोदीत कोण होता तो? तेवढं एक कळू दे. परवा दुकानाची किल्ली द्यायला गेले, तर रस्त्यात आमचा जुना खजिनदार. काठी टेकत चालतो आता. मला पाहून पलीकडच्या फुटपाथवर गेला. चाळीस वर्षं झाली रे देवा, अजून रस्ता ओलांडतात."

"आत्या, मला बोलता येत नाही," ताई ताटाकडे बघत म्हणाली.

"नको बोलूस. नुसतं खाकर."

डॉक्टर हसला. आण्णांनी डोळे मिटले. असा विषय निघाला की ते डोळे मिटून मागे टेकत. वयाने एवढी सवलत दिली होती.

"बघा, आण्णांची कानझोप लागली," डॉक्टर म्हणाला. "ए ताई, तुला आठवतं? शाळेत मी निबंधात लिहिलं होतं, 'माझे वडील दुपारी कानझोप घेतात.' बाईंनी त्याला लाल गोल केला आणि सगळ्या वर्गाला विचारलं, हा शब्द कुणी ऐकलाय का? एकही हात वर नाही. मी भांडलो. म्हटलं, आमच्या घरी रोज वापरतात. तर म्हणाल्या, मग तो घरीच ठेव. तेव्हा कळलं की हा शब्द जगात नाहीच. नुसता आपल्याकडे आहे."

आण्णांनी डोळे उघडले.

ते पान त्यांनी निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने काढलं होतं. सही, तारीख, शिफारस, सगळं त्या एका पानावर होतं. त्यानंतर फाइल परकी झाली. तिच्यात त्यांचा कणही उरला नव्हता, अशी त्यांची खात्री होती. फाइलच्या पुठ्ठ्यावर नाव होतं, पण नावाचं काय? झोपेसारखा, जेवणासारखा साधा शब्द. तो कुणाचाही असू शकत होता.

त्यांनी समोर पाहिलं. ताई त्यांच्याकडेच बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा. आणि त्या बघण्यात प्रश्न नव्हता.

"मला वाटलं..." आण्णा म्हणाले. त्यांना हे मोठ्याने म्हणायचं नव्हतं. "मला वाटलं, तो साधा शब्द आहे. सगळे वापरतात."

"अहो, त्यात काय एवढं?" आई पाव पुढे करत म्हणाली. "शब्दच तर आहे. कुणाचं घर मोडलं त्याने?"

*

आत्या सात वर्षांची होती तेव्हा तिने तो शब्द केला होता. भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायची आणि आईवडिलांची भांडणं ऐकायची. दादाला, ह्या आण्णांना, तिनेच शिकवलं. तेव्हापासून तिला एक ठाऊक होतं. मोठी माणसं खोटं बोलतात तेव्हा आवाज चढवतात. खरं बाहेर पडायला लागलं की थांबतात.

आता टेबल थांबलं होतं. डॉक्टरचा घास हातात होता. भाचीचे ओठ पांढरे पडले होते. आणि दादा दाढी करताना कापल्यासारखा गालावर एका जागी बोट लावून बसला होता.

"कुठे वापरलास?" आत्याने विचारलं.

"काय?"

"माझा शब्द. घराबाहेर कुठे वापरलास तू?"

"ऑफिसात असेल. कधीतरी. बोलण्यात."

"बंदरं मोजायला कानझोप कशाला लागते?"

आत्याची नजर सपाट केलेल्या कागदावर गेली, तिथून भाचीकडे. भाची मान खाली घालून बसली होती. इतकी ताठ, की मान हलली तर काही सांडेल.

मग एक फार जुनी गोष्ट आत्याला आठवली. आठवली म्हणजे ती रोजच आठवायची, उपकार म्हणून. आज ती उलट्या बाजूने दिसली.

"आमच्या ऑफिसातला भोंगा बिघडला होता," ती हळू म्हणाली. "सभा तोंडावर आली होती. मी घरी येऊन तुला सांगितलं. तू म्हणालास, माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, रेडिओ दुरुस्त करतो. पाठवून देतो."

"ऐक..."

"दुसऱ्या दिवशी आला. स्क्रू दातात धरून हसला. दादा, तू पाठवलास त्याला."

"आण्णा?" डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीचा झाला होता.

आण्णांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "गोदी पेटणार होती. वरून यादी निघाली होती आणि तुझं नाव तिच्यात होतं. तुला आत घालणार होते. मी म्हटलं, सगळ्यांना उचलण्यापेक्षा आत एक माणूस ठेवू. आपला माणूस असला की तुला धक्का लागणार नाही. नाही लागला धक्का! सगळे पकडले, तुला कुणी हात लावला?"

"म्हणून तर," आत्या म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांना वाटलं की मीच."

आण्णांचं तोंड उघडं राहिलं. ह्या बाजूने त्यांनी कधी माप घेतलं नव्हतं.

"लग्न ठरलेलं नव्हतं," ते घाईने म्हणाले. "शपथेवर सांगतो. प्रस्तावात लग्न नव्हतं. ते त्याचं त्याने केलं."

"म्हणजे लग्न खरं होतं?"

"मला माहीत नाही."

"सहा वर्षं माझ्या शेजारी निजला. तो झोपायचा का रे दादा, का नुसते डोळे मिटायचा?"

आई उभी राहिली होती. पावाची बशी तिच्या हातात तशीच होती. "अहो, तुम्ही मोजणीत होतात," ती म्हणाली. "मी रोज डबा देत होते. पावसापाण्याचं वाऱ्यात उभं राहावं लागतं म्हणून मफलर विणला. कुठे बसून खायचात तो डबा?"

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आत्याने खुर्ची भाचीकडे वळवली. "तो बुडाला का?"

ताईने ओठ दाबले.

"बुडाला का, एवढंच विचारतेय."

"आत्या, मी शपथ घेतलीय." ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण चेहरा हलत नव्हता. "त्या खोलीत काय ऐकलं, काय नाही ऐकलं, काहीच सांगता येत नाही. तुला तर नाहीच."

आत्याने ते शब्द नीट ऐकून घेतले. "मला तर नाहीच," ती म्हणाली. "बुडालेल्या माणसाचं गुपित इतकं कोण जपतं गं?"

आत्या कानाशिवायचा कप दोन्ही हातांत धरून बसली. डॉक्टरने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण ती टेकलीही नाही. शेजारणी वाटेत भेटल्या की ज्याच्या आठवणीने ती मान खाली घालायची, तो माणूस ह्या क्षणी कुठेतरी जेवत असेल. बटाटे सोलताना तो साल एकसंध काढायचा. अजून काढत असेल.

"तुमच्या खोलीत," कप खाली ठेवून तिने विचारलं, "माझ्यासारखीला येता येतं?"

"म्हणजे?"

"बोलायला. साक्षीला. गोदीत त्या वेळी काय झालं ते मी सांगणार. मी टायपिस्ट होते, माझा नवरा कसा आला, कुणी पाठवला, कधी गेला. तुझ्याकडून मला काही कळलेलं नाही. हे माझं मलाच ठाऊक आहे."

ताईने मान वर केली. हा रस्ता परवापासून तिच्या डोक्यातही आला नव्हता. "येतं," ती सावकाश म्हणाली. "जिला झळ बसली तिने मागणी केली, तर समितीला ऐकावंच लागतं. नोंद करावीच लागते. उपाध्यक्षांनाही नाही म्हणता येत नाही. मग ते प्रकरण कुणालाच पुरता येत नाही." ती थांबली. "पण तू माझी आत्या. तू आत आलीस की मला त्या खुर्चीत बसता येणार नाही. आणि आण्णांना बोलावतील. तुझ्यासमोर."

"वन्सं," आई म्हणाली. तिने बशी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या शेजारची आपली खुर्ची सोडून ती आत्याच्या शेजारी येऊन बसली.

"किती वर्षं लागली तुला त्या खुर्चीपर्यंत पोचायला?" आत्याने विचारलं.

"खूप."

"चांगली बसतेस. मी टीव्हीवर बघते." आत्याने भाचीच्या गालावरचं पाणी अंगठ्याने पुसलं, लहानपणी नाक पुसायची तसं, जरा जोराने. "आता ऊठ. मला बसायचंय."

डॉक्टर दाराकडे गेला. "आत्या, कपाट खाली घेऊ? माझ्या घरी तुला जागा आहे."

"घे. तिरकं कर, निघेल. रेडिओला मात्र हात लावू नकोस. तो राहू दे वरच, ज्याने रेडिओवाला पाठवला त्याच्याकडे."

टेबलाच्या त्या टोकाला आण्णा मागे टेकले होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि श्वास संथ चालला होता. ते झोपलेले नाहीत हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आई बोलता बोलता थबकली, डॉक्टर जिन्यात थांबला, ताईनेही आवाज उतरवला.

आत्याने उतरवला नाही.

"उद्या किती वाजता उघडतं तुमचं दार?" तिने विचारलं.